सकाळचं माप

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही आणि तरी मी सरळ 'ताई' म्हणतोय, याचा राग मानू नका. आधी 'मॅडम' लिहिलं होतं, ते खोडलं. फारच बँकेत आल्यासारखं वाटायला लागलं. पत्ता तुमच्या रोपवाटिकेच्या जाहिरातीत सापडला, आडनावावरून ओळखलं. फोन नंबरही तिथेच होता, पण फोनवर माणूस आधी 'कोण बोलतंय' विचारतो, आणि त्याचं एका वाक्यातलं उत्तर माझ्याकडे नाही.

उत्तर असं आहे. मी काचा बसवतो. घरांच्या खिडक्या, दुकानांची दारं, कधी फुटलेला आरसा. तुमची धाकटी बहीण आणि मी काही वर्षांपासून एकत्र राहतो. लग्न केलेलं नाही. हे तुम्हाला पटेल न पटेल, पण ते झाकून पुढचं सांगता येणार नाही. मला तिला लग्नाचं विचारायचं आहे, आणि विचारताना हातात अंगठी असावी असं फार वाटतं. तिला आधी सुगावा लागता कामा नये. लागला तर ती हसून विषय टाळेल. टाळण्यात तिचा हात कोणी धरणार नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं.

अडचण बोटाच्या मापाची आहे. तिच्याकडे एकही अंगठी नाही, नाहीतर गुपचूप उचलून सोनाराला दाखवली असती. तिच्या कामात अंगठी चालत नाही. ती कवळ्या बनवते. दवाखान्यांतून तोंडाचे साचे येतात, त्यावर ती मेणाचे दात कोरते. हात इतका बारीक चालतो की बघत राहावं. ती सांगते, तिच्या कवळ्या घालून निदान शंभर माणसं रोज भांडत असतील.

मी एक प्रयत्न केला. रविवारी दुपारी ती झोपली होती. डावा हात गालाखाली होता, तो बाहेर यायची वाट बघत बसलो. आला तसा बोटाभोवती दोरा गुंडाळला. तर ती झोपेतच स्पष्ट म्हणाली, "घट्ट नको." ती कूस बदलून पुन्हा घोरायला लागली. दोरा घेऊन सोनाराकडे गेलो, तर त्याने तो बोटावर ताणून दाखवला आणि म्हणाला, "दोऱ्याने पुडी बांधतात. यावर मी सोनं कापणार नाही." मग त्यानेच विचारलं, बहीण आहे का त्यांना? बहिणींची बोटं पुष्कळदा सारखी असतात.

म्हणून हे पत्र. तुम्हाला तिचं माप माहीत असेल, किंवा स्वतःचं तरी, तर घरी नको, माझ्या काचेच्या दुकानाच्या पत्त्यावर कळवाल का? बाकी ती मजेत आहे. तुमची आठवण नेहमी काढते.

आपला,
काचवाला

२१ फेब्रुवारी

ताई,

तुमचं कार्ड मिळालं. 'माप चौदा. दोघींचं एकच होतं. ती माझी आठवण काढत नाही, हे मला माहीत आहे. उगाच लिहू नये.'

बरोबर आहे, उगाच लिहिलं. या सगळ्या काळात तिने तुमचा उल्लेख दोनदाच केला. एकदा, ओळख नवी असताना, मी घरी कोण असतं म्हणून विचारलं. म्हणाली, "एक बहीण आहे." थोड्या वेळाने म्हणाली, "होती म्हण." दुसऱ्यांदा एका ओळखीच्यांच्या गॅलरीत कुजत चाललेलं रोप बघून तिच्या तोंडून निघालं, "ताईने याला इतकं पाणी घालू दिलं नसतं." तुमच्यात काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, हे अजून कळत नाही.

तुमच्या चौदाचं मात्र नवल झालं. सोनाराकडे मापाच्या पितळी कड्यांचा जुडगा असतो. त्यातलं चौदा नंबरचं कडं त्याने मला दोन दिवसांच्या बोलीवर दिलं. दोराही साधारण तेवढाच भरला होता, म्हणजे काम झालंच म्हणायचं. फक्त खात्री करायची होती. सुट्टीच्या दिवशी सकाळी मला लवकर जाग आली. ही शांत झोपलेली. सहसा असं होत नाही, ती माझ्या कितीतरी आधी उठून स्वयंपाकघरात असते. मी हळूच कडं बोटात सरकवायला गेलो, तर ते पेरावर अडलं. जोर लावायची हिंमत झाली नाही. ती झोपेत कण्हली आणि हात ओढून घेतला.

आमच्या धंद्यात दोन मापं जुळली नाहीत तर एक तर टेप चुकलेला असतो, नाहीतर भिंत वाकडी असते. काच एकदा कापली की वाढवता येत नाही, म्हणून आम्ही असं सोडून देत नाही. कडं सोनाराला दाखवलं, ते बरोबर चौदाच होतं. मग मी एक युक्ती केली. ती रोज लोकांच्या तोंडांचे साचे हाताळते, तर आपल्या दोघांच्या हातांचा एक साचा कर, कपाटावर ठेवू, असं तिला गमतीत म्हटलं. मला वाटलं होतं खूश होईल. तिने ओट्यावरचा हात खाली घेतला आणि म्हणाली, "तुझ्या हातांचा करते. माझे नकोत." आवाज असा होता की मी पुन्हा विचारलं नाही.

म्हणून परत त्रास देतोय. चौदा हे माप कधीचं? तेव्हापासून तिची बोटं जाड झाली असतील का? दिसायला तर ती आहे तशीच काटकुळी आहे.

आपला,
काचवाला

१२ मार्च

ताई,

या वेळी तुमच्या कार्डावर एकच ओळ होती आणि तो प्रश्न होता. 'सकाळी तिची बटणं कोण लावतं?'

मी लावतो.

ते कार्ड मी कामाच्या जागी वाचलं आणि खिशात ठेवलं. एका शाळेच्या खिडक्यांचं काम चालू आहे. तिथे दिवसभर मी काचा लावत होतो आणि डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. गेल्या हिवाळ्यापासून ती सकाळी पाठ करून उभी राहते आणि सांगते, "लाव ना बटणं." मला वाटायचं लाडात आली आहे. मला ते आवडायचं. कामावर जाताना त्याच आनंदात जायचो. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांमध्ये धरते, कान धरून नाही. मी म्हणायचो, थंडी वाजते का गं एवढी? तर हो म्हणायची. घरातल्या एकाही बरणीचं झाकण घट्ट लावलेलं नसतं. त्यावरून आमचं एकदा भांडणही झालं, कारण मी साखरेची बरणी झाकणाने उचलली आणि सगळी साखर फरशीवर. तेव्हा तिने ऐकून घेतलं. तिच्यासारखी बाई ऐकून घेते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर उठलो. स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं. ती स्टुलावर बसली होती आणि दोन्ही हात मनगटापर्यंत गरम पाण्याच्या पातेल्यात होते. डोळे मिटलेले. जरा वेळाने तिने एक हात बाहेर काढून मूठ मिटायचा प्रयत्न केला. मिटली नाही. तिने हात परत पाण्यात घातला, अगदी रोजचं काम असल्यासारखं. मी मागच्या पावली खोलीत आलो आणि झोपेचं सोंग घेतलं. ती हसत चहा घेऊन आली.

तुम्हाला हे ठाऊक होतं. म्हणजे हिचं नाही, पण असं काहीतरी. तुम्ही बटणांचंच का विचारलंत? तुमच्या आईचं काय झालं होतं, हे तिने मला कधी सांगितलेलं नाही. 'आजारी होती' एवढंच. लिहाल का?

आपला,
काचवाला

३० मार्च

ताई,

तुमचं लांबलचक पत्र पोचलं. एवढं सगळं एका अनोळखी माणसाला लिहिणं सोपं गेलं नसेल. शाळेच्या जिन्यावर बसून वाचलं. दुपारची सुट्टी संपली, मदतनीस दोनदा हाक मारून गेला, मी उठलो नाही.

आईचे हात कसे होत गेले ते तुम्ही लिहिलंत. बोटं आधी सुजली, मग वाकडी झाली, मग गुडघे, मग खांदे. शेवटची कित्येक वर्षं भरवणं, न्हाऊ घालणं, कुशीवर वळवणं सगळं तुमच्यावर. तुमचं ठरत आलेलं लग्न त्यात राहून गेलं ते राहूनच गेलं. धाकटीने कोर्सला म्हणून घर सोडलं आणि सुट्टीतही येईनाशी झाली. ती आली तेव्हा आई नव्हती. तुम्ही दारातच म्हणालात, "आता कुणासाठी आलीस?" आणि ती चप्पलही न काढता मागे फिरली. तुम्ही लिहिलंत की तिने दोन पायऱ्या उतरेपर्यंत तुम्हाला तिला हाक मारायची होती. पायऱ्या संपल्या, हाक निघाली नाही.

हे मी तिच्या तोंडून ऐकलं असतं तर वेगळं ऐकलं असतं, हे उघड आहे. पण तुमच्याकडूनही ते जसं आलं, त्यात मला कोणाची बाजू घेता आली नाही.

शेवटी तुम्ही मला जो सल्ला दिलात त्याबद्दल लिहितो. 'तुम्ही अजून मोकळे आहात. दयेपोटी लग्न करू नका. मला कोणी विचारलंच नव्हतं, तुम्हाला निदान विचार करायला वेळ आहे.' वाचून आधी राग आला. मला काय समजता, असं वाटलं. मग मी तो सल्ला मानला आणि खरंच विचार केला. तुमच्यापासून लपवत नाही.

त्या दिवशी काम संपल्यावर घरी गेलो नाही. काम लांबलं म्हणून निरोप दिला आणि बस स्टँडवर बसून राहिलो. समोरून बसेस जात होत्या. एखादीत बसलो असतो तर? मी हिशेबी माणूस नाही, पण मला चित्रं दिसतात. ती खुर्चीत आणि मी चमचा घेऊन समोर, हे दिसलं. ती चिडलेली, मी थकलेला, घरात औषधांचा वास. तिचं काम सुटलेलं. काम सुटलं की ती कशी होईल, याची सगळ्यांत जास्त भीती वाटली. हे सगळं नीट बघितलं. मग बराच वेळ दुसरं चित्र बघायचा प्रयत्न केला, मी दुसरीकडे कुठेतरी एकटा, हात-पाय धड असलेला. ते काही केल्या दिसेना. खोली दिसायची, त्यात मी नसायचो. दुसऱ्या दिवशीही तसंच.

तेव्हा ठरलं. विचारणार आहे. फक्त तिला माहीत नसताना मला माहीत आहे, हे ठेवून विचारायचं नाही. तुमचंही सांगणार. त्यावर ती मला घराबाहेर काढेल असा माझा अंदाज आहे.

आपला,
काचवाला

१७ एप्रिल

ताई,

घराबाहेर काढलेलं नाही. पण आधी सगळं सांगतो.

मी सकाळी तिच्यामागोमाग उठलो आणि सरळ स्वयंपाकघरात गेलो. ती पातेल्यात हात घालून बसली होती. मला बघून हात झटकन काढायला गेली, पाणी सांडलं. मी म्हटलं राहू दे, आणि समोर जमिनीवर बसलो. रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

म्हटलं, "मला तुझ्याशी लग्न करायचंय. अंगठी अजून बनलेली नाही, कारण तुझं माप दर वेळी वेगळं येतंय."

तिने विचारलं, "माझं माप कधी घेतलंस तू?"

"तू झोपलेली असताना."

"किती वेळा?"

"दोनदा. एकदा दुपारी, एकदा सकाळी."

सकाळी म्हटल्यावर तिला कळलं. चेहरा एकदम बंद झाला. म्हणाली, "म्हणजे तुला दिसलं आणि तुला माझी कीव आली. आणि आता अंगठी."

"नाही. माप आधी घेतलं, कळलं नंतर. दोरा फेब्रुवारीत गुंडाळला, तेव्हा मला कशाचाच पत्ता नव्हता. सोनाराला विचार."

तिने विचारलं, "आणि कळल्यावर?"

इथे मी खोटं बोलू शकलो असतो. म्हटलं, "कळल्यावर दोन दिवस विचार केला. बस स्टँडवर बसून. सोडून जावं का, हाही."

मला वाटलं आता पातेलं अंगावर येणार. पण ती पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "दोन दिवस ना? बरं झालं. लगेच विचारलं असतंस, तर मी तुला काहीच खरं सांगितलं नसतं."

मग ती बोलली. गेल्या वर्षापासून होतंय. डॉक्टरकडे गेली नाही, कारण डॉक्टर जे नाव घेतील ते तिला ठाऊक आहे. घर सोडलं तेव्हा ती रोज उठल्या उठल्या आधी स्वतःची बोटं बघायची. आईसमोर बसलं की आईचे हात दिसायचे आणि त्यांच्या जागी स्वतःचे. ते सहन झालं नाही. ती हे सांगताना रडली नाही. मेणाचा दात बघावा तसे हात फिरवून बघत होती.

त्यानंतर मी तुमच्या पत्रांचं सांगितलं, आणि खरा राग तेव्हा आला. ती उठून गेली. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. बटणं लावून घेतली, पण 'लाव ना' न म्हणता. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ती काय म्हणते?" मी पत्रं पुढे ठेवली. तिने पायऱ्यांचं वाचलं, पुन्हा वाचलं आणि घडी करून मला परत दिलं. मग माझ्या लग्नाच्या प्रश्नाकडे वळली. "आधी डॉक्टर. ते काय म्हणतात ते दोघांनी ऐकायचं. मग तू पुन्हा विचार. पुन्हा नाही विचारलंस तरी चालेल."

उद्या जातोय.

आपला,
काचवाला

९ मे

ताई,

हे पत्र दोघांचं आहे. आधी माझं.

रक्त तपासलं, हातांचे फोटो काढले. नाव तेच निघालं, संधिवात. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, भराभर बोलतात. हिने आईचं सांगितलं तेव्हा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, आईला ही औषधं मिळाली नव्हती, आईकडे बघून तुमचं ठरवू नका. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या आहेत, मधूनमधून रक्त तपासायचं. सांधे अजून बिघडलेले नाहीत. उशीर झाला आहे, पण फार नाही. हात वाचतील का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, पुष्कळ काळ, बहुतेक, पण लेखी मागू नका. मला हे उत्तर आवडलं. मीही गिऱ्हाइकाला काचेबद्दल असंच सांगतो.

बाहेर आल्यावर रिक्षा शोधता शोधता मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "हो. पण आता रिक्षा बघ." एवढंच झालं. ज्या क्षणासाठी मी एवढी धडपड केली तो असा रस्त्याच्या कडेला उरकला, आणि रिक्षाही मिळाली नाही. आम्ही चालतच आलो.

अंगठीसाठी दोघं सोनाराकडे गेलो, सकाळी, दुकान उघडताना, तिचीच अट होती. त्याने सोळाचं कडं काढलं तेव्हा ते पेरावरून गेलं. दुपारी बोटाची सूज उतरेल तेव्हा निसटू नये म्हणून आतून दोन बारीक मणी बसवून देतो म्हणाला. तिने मात्र सांगितलं की कामावर घालणार नाही, घरी घालेन. मेण चिकटतं.

आता पुढचं तिचं. ती सांगते आहे, मी लिहितो आहे. शब्द बदलायचा नाही अशी ताकीद आहे.

ताई,

अक्षर त्याचं आहे, कारण सकाळ आहे आणि मला पेन धरवत नाही. दुपारपर्यंत थांबले असते तर स्वतः लिहिलं असतं, पण दुपारपर्यंत थांबले तर मी लिहिणारच नाही. मला माहीत आहे मी कशी आहे ते. तुलाही माहीत आहे.

गोळ्यांनी मळमळतं. बाकी बरी आहे. लग्न आम्ही कार्यालयात सही करून करू, सही दुपारची वेळ बघून. हा हसतोय.

(इथे ती उठून पातेल्यातलं पाणी बदलून आली.)

त्या दिवशी मी पायऱ्या सावकाश उतरले होते. एवढंच सांगायचंय त्याबद्दल.

आणि एक विचारायचंय. हल्ली सकाळी नळ उघडताना मला आपल्या घरातला तो न्हाणीघरातला नळ आठवतो. किती घट्ट होता. तुला दोन्ही हातांनी पिरगळावा लागायचा, मला तर हलायचाच नाही. पण आपण उठायच्या आत आई बादली भरून ठेवायची. रोज. तिचे हात तेव्हाही दुखत असणार ना? ती तो नळ कसा उघडायची? फडकं गुंडाळून, कोपराने, की आणखी कसा, मी कधी बघितलं नाही. मी झोपलेली असायचे. तू मोठी होतीस, तू आधी उठायचीस. तू बघितलं असशील.

पत्रात लिहून नीट कळायचं नाही. येऊन दाखव.

धाकटी